फ्रेंचची वाट मालवणीतून

तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर चार अक्षरं लिहिली: पी, ए, आय, एन. खाली पावाचं चित्र काढलं. मला वाटलं होतं, मुलं चित्र बघतील, मी उच्चार सांगेन, ती माझ्यामागून म्हणतील. पण तिसरीतली पोरं तोवर इंग्रजी वाचायला लागलेली. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "पेन!" पहिल्या बाकावरच्या एकाने कंपासपेटीतून पेन काढून वर धरलं. दुसऱ्याने गुडघ्यावरची खपली दाखवली, कारण त्या स्पेलिंगचा अर्थ "दुखणं" असं त्याला ताईने शिकवलं होतं. फ्रेंचमध्ये ही चार अक्षरं म्हणजे पाव, आणि उच्चार साधारण "पँ", नाकातून, शेवटचा न गिळून. पेन, गुडघा आणि पाव यांच्यात समेट घडवण्यात तो तास संपला.

चूक माझीच होती. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, जी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकताना कधी डोक्यात आली नव्हती. आपल्याकडे फ्रेंच येते ती इंग्रजीच्या खांद्यावर बसून. पुस्तकात अर्थ इंग्रजीत, व्याकरणाच्या सूचना इंग्रजीत, शिकवणारीच्या तोंडी "रिपीट आफ्टर मी". मालवणच्या आसपासच्या मुलाच्या घरात मात्र इंग्रजी नसते. घरात मालवणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, काही घरांत उर्दू. आणि फ्रेंचमधल्या ज्या जागा अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा याच भाषांमधून सहज ओलांडता येतात. इंग्रजीच्या वाटेने गेलं की तिथेच पाय अडकतो. मला सांगायचं आहे ते हे. पण आधी वयाचं बोलू, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात.

"लहानपणी भाषा पटकन येते ना?" येते, पण एका अटीवर. मे महिन्यात मुंबईहून आजोळी आलेलं पोर पंधरा दिवसांत "खंय चललस?" म्हणायला लागतं. त्याला कोणी शिकवत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री पडवीत झोपेपर्यंत तीच भाषा कानावर पडते, आणि तीत बोलल्याशिवाय क्रिकेटच्या टीममध्ये कोणी घेत नाही. आता शाळेतल्या फ्रेंचचा हिशेब करा. आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास, वर्षाचे 35 आठवडे धरू. झाले 47 तासांहून थोडे कमी. मूल दिवसाचे बारा तास जागं असतं असं मानलं तर वर्षभराची फ्रेंच म्हणजे जेमतेम चार दिवस. त्यातून गणपतीची सुट्टी, अतिवृष्टीची सुट्टी आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी वजा करा. आजोळी चार दिवस राहून कोणी मालवणी शिकून आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये 1964 पासून दहा वर्षं याचाच मोठा प्रयोग झाला. प्राथमिक शाळांतल्या हजारो मुलांना आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवली आणि अकराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. 1974 मध्ये क्लेअर बर्स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल आला. सोळाव्या वर्षापर्यंत पोचल्यावर लवकर सुरुवात केलेली मुलं फक्त एका बाबतीत पुढे होती: ऐकून समजण्यात. बाकी म्हणावा असा फरक उरला नव्हता. अहवालावर पुष्कळ वाद झाले. एक आक्षेप मला फार पटतो. प्राथमिकमधून तीन वर्षं फ्रेंच शिकून आलेल्या मुलांना माध्यमिक शाळांनी नवख्या मुलांच्या शेजारी बसवलं आणि "नमस्कार, माझं नाव" पासून पुन्हा सुरुवात केली. मग शिकलेलं टिकणार कसं? पण सरकारने तेव्हा प्रयोग गुंडाळला. इंग्लंडच्या सरकारी प्राथमिक शाळांत सात ते अकरा या वयात परकी भाषा सक्तीची झाली ती थेट 2014 मध्ये.

याच्या उलट गोष्ट कॅनडातली. 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरला, की आमच्या मुलांना बालवर्गापासून सगळं फ्रेंचमध्येच शिकवा. फ्रेंच हा विषय नको, फ्रेंच हे माध्यम हवं. गणित फ्रेंचमध्ये, चित्रकला फ्रेंचमध्ये, डबा खाताना फ्रेंच. लँबर्ट आणि टकर या दोघांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. (गावाचं आणि अभ्यासकाचं नाव एकच असणं हा निव्वळ योगायोग.) मुलांना फ्रेंच उत्तम समजायला आणि वाचता यायला लागली आणि इंग्रजीही मागे पडली नाही. बोलण्या-लिहिण्यात मात्र ती तिथल्या फ्रेंच मुलांइतकी तयार झाली नाहीत.

बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांच्या गटाने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर काम केलं. एक गट आठव्या वर्षी सुरू झालेला, दुसरा अकराव्या. शिकवण्याचे तास सारखे दिले तर मोठी मुलं भराभर पुढे जातात असं दिसलं. मोठ्या मुलाला नियम समजतो, पाठ करता येतं, वहीत नीट उतरवता येतं. लहान मुलाची ताकद वेगळी आहे. ते न लाजता नक्कल करतं आणि आवाज हुबेहूब उचलतं, पण त्यासाठी आवाज पुष्कळ कानावर पडावा लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आठवड्याला दोनच तास मिळणार असतील तर तिसरीऐवजी पाचवीत सुरू केल्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण शाळेने तिसरीत सुरू करायचं ठरवलंच असेल, तर त्या वयाला जे जमतं तेच करावं: कान तयार करावा, तोंड सैल करावं. इंग्लंडच्या त्या प्रयोगात शेवटी जे टिकलं तेही ऐकणंच होतं.

कोकणात "फ्रेंच" या शब्दाला आणखी एक वास आहे. पहिल्या पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे जैतापूरवाल्यांची?" राजापूर तालुक्यातल्या माडबनला फ्रेंच बनावटीच्या 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारायचं ठरलं, 2010 मध्ये करार झाले, आंदोलनं झाली. तेव्हापासून इकडे फ्रेंच म्हटलं की अणुभट्टी आठवते. मी म्हटलं, हो, त्यांचीच, आणि ऑम्लेटवाल्यांचीही.

ऑम्लेट खरंच फ्रेंच शब्द आहे. गॅरेज, ब्लाउज, बुफे, मेनू, कूपन हेही तिकडूनच इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेले. फ्रेंच तोंडात गॅरेजचं "गाराझ" होतं आणि बिस्किटाचं "बिस्क्वी". अननस तर फ्रेंचमध्येही अननसच. तो शब्द पोर्तुगिजांनी दक्षिण अमेरिकेतून आणला आणि आपल्या किनाऱ्यावर उतरवला. पोर्तुगीज ही फ्रेंचची सख्खी बहीण, दोघी लॅटिनच्या लेकी. त्या घराण्यातली एक बोली आजही कोकणात नांदते हे पुष्कळांना माहीत नसतं. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत काही शे माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली भाषा घरात बोलतात. पोर्तुगीज 1740 मध्ये तिथून गेले, भाषा राहिली. तिला ते "नो लिंग" म्हणतात, म्हणजे आपली भाषा. हे मी वर्गात नकाशावर दाखवते. पॅरिस लांब आहे, कोर्लईला एसटी जाते.

आता आवाजांकडे येऊ. फ्रेंचची पहिली धास्ती असते नाकातल्या स्वरांची. इंग्रजीत असे स्वर नाहीत, म्हणून इंग्रजीतून शिकलेली मुलं "बॉनजोर" म्हणतात, चांगला ठसठशीत न लावून. फ्रेंच माणूस न म्हणतच नाही. तो आधीचा ओ नाकातून काढतो आणि पुढे जातो: "बोँझूर". प्रमाण मराठीतून आपण हे स्वर जवळजवळ घालवले. पूर्वी "तूं", "मीं", "केळें" असं लिहायचे, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मालवणीने मात्र नाक सोडलेलं नाही. "खंय", "हंय", "थंय" म्हणून बघा. "पोरां इली", "झाडां तोडली" म्हणताना शेवटचा आं कुठून येतो ते बघा.

वर्गात मी एवढंच करते. नाकाच्या हाडावर बोट ठेवा आणि "पोरां" म्हणा. बोटाला थरथर जाणवते. आता तोच शेवटचा आवाज धरून म्हणा, "आँफाँ". थरथर तशीच. फ्रेंचमध्ये "आँफाँ" म्हणजे मूल, आणि अनेक मुलं असली तरी उच्चार तोच. पोरां आणि आँफाँ यांचं यमकही जुळतं आणि अर्थही. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मुलांपेक्षा मीच जास्त उड्या मारल्या. फ्रेंच स्वर किंचित अधिक गोल ओठांनी येतो, पण तो फरक पुढे आपोआप बसतो. शाळेत "खंय नाही, कुठे म्हण" असं ज्याला दहा वेळा ऐकवलं जातं, त्या मुलाचं खंय इथे कामाला येतं.

दुसरं, त आणि द. इंग्रजी टी-डीला आपण ट-ड म्हणतो, आणि मग फ्रेंच शब्दालाही तेच लावतो. फ्रेंचचा त दातांवरचा आहे, आपल्या ताटातला. प आणि क यांच्यात इंग्रजीसारखी हवेची फुंकरही नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून इंग्रजी पद्धतीने "पॅरिस" म्हटलं तर पट्टी हलते, फ्रेंच "पारी" म्हटलं तर जवळजवळ हलत नाही, मराठी "पाणी" म्हटलं तरी नाही. टेबलाला फ्रेंचमध्ये "ताब्ल" म्हणतात. मुलांना हे सोपं जातं, फक्त "हे इंग्रजी नाही" एवढं सांगावं लागतं.

तिसरं, ज. मराठीत दोन ज आहेत हे आपण लिहिताना विसरतो: जिभेतला आणि जाळ्यातला. फ्रेंचमध्ये "प्वासोँ" म्हणजे मासा. स च्या जागी जाळ्यातल्या ज च्या जवळचा आवाज आला, "प्वाज़ोँ", की झालं विष. पुस्तकात हा फरक एका एस ऐवजी दोन एस असा दाखवतात आणि मुलं गोंधळतात. मी सांगते, जाळ्यातला ज आला की मासा विषारी. किनाऱ्यावरची मुलं ही चूक परत करत नाहीत.

र थोडा त्रास देतो. फ्रेंच र जिभेच्या टोकाने होत नाही, घशाच्या तोंडाशी घासून होतो, गुळण्या करतानाच्या आवाजासारखा. इथे माझ्या वर्गात दोन मुली सगळ्यांच्या पुढे होत्या. दोघी कोकणी मुसलमान घरांतल्या, कुराण वाचायला शिकणाऱ्या. अरबीतलं ग़ैन हे अक्षर फ्रेंच र च्या अगदी शेजारी बसतं. त्यांनी "मेर्सी" म्हटलं आणि बाकीचे वळून बघायला लागले. तेव्हापासून र शिकवण्याचं काम त्यांच्याकडेच आहे.

एक आवाज मात्र आपल्या कोणत्याच भाषेत नाही. फ्रेंचमध्ये "तू" या शब्दात जो यू लिहितात, तो आपला ऊ नव्हे. त्यासाठी कृती अशी: "ई" म्हणत राहा, जीभ जरासुद्धा हलवू नका, आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. जो विचित्र आवाज येईल तोच हवा आहे. आरशात बघून करायला मुलांना भयंकर आवडतं. आपला ऊ लावला तर "तू" ऐवजी "सगळं" असा अर्थ निघतो. आवाज चार महिन्यांनी पक्का होतो, म्हणून घाई करत नाही.

व्याकरण प्राथमिकला शिकवायचं नाही हे खरं, पण मुलं प्रश्न विचारतातच. पहिला प्रश्न, टेबल बाई कशी? फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम एकतर "ल" वालं असतं नाहीतर "ला" वालं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हे पटायला वर्षं लागतात. आपलं मूल "तो समुद्र, ती होडी, ते जाळं" म्हणतच मोठं झालेलं असतं, तेही तीन लिंगांसह. मालवणीत तर चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. तेव्हा शब्दाचं लिंग आणि माणसाचं लिंग यांचा संबंध नसतो हे इथल्या पोराला पटवावं लागत नाही. फक्त लिंगं जुळतील अशी आशा धरू नये. समुद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, होडी पुल्लिंगी, चंद्र स्त्रीलिंगी. म्हणून शब्द कधीही एकटा शिकवायचा नाही. "मेर" नाही, "ला मेर". आपणही लहान मुलाला "ती होडी बघ" असंच दाखवतो.

तू आणि तुम्हीचा फरक मराठी मुलाला जन्मतः असतो, आणि फ्रेंचमध्ये तो तंतोतंत तसाच आहे. "वू" हे आदराचंही आणि अनेकवचनाचंही. गंमत वापरात आहे. फ्रेंच मूल आईबापांना आणि आजीआजोबांना सहसा "तू"च म्हणतं. यावर वर्गात खडाजंगी झाली, कारण निम्म्या घरांत बाबांना "तुम्ही" आहे.

आता भूक. इंग्रजीत माणूस "भुकेला असतो". त्या वाटेने आलेली मुलं फ्रेंचमध्येही "झ स्वी" म्हणजे "मी आहे" असं सुरू करतात आणि फसतात. मराठीत भूक ही वस्तू आहे, ती लागते. फ्रेंचमध्येही ती वस्तूच आहे, ती "असते": "झे फँ", माझ्याकडे भूक आहे. तहान तशीच, भीती तशीच. वयसुद्धा तसंच, "माझ्याकडे आठ वर्षं आहेत". नकारही बघा. "मी खात नाही" मध्ये नाही क्रियापदाच्या मागे येतं. रोजच्या बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये "झ मांझ पा", पा मागेच. लिहिताना पुढे आणखी एक छोटा शब्द लागतो, पण तो बोलताना बहुतेक वेळा गळतो. हे सगळं मुलांना नियम म्हणून सांगायचं नसतं. शिकवणारीला माहीत असलं की ती उदाहरण मराठीतून देते, एवढंच.

आकड्यांवर मी सगळ्यात जास्त दिवस घालवते, कारण तिथे घरातली जुनी माणसंही वर्गात येतात. फ्रेंच आकडे 60 पर्यंत सरळ चालतात आणि मग वेडेवाकडे होतात. 70 म्हणजे साठ-दहा. 80 म्हणजे चार-वीस, "कात्र-वँ". 90 म्हणजे चार-वीस-दहा. 97 म्हणजे चार-वीस-दहा-सात. मोठ्यांच्या क्लासमध्ये इथे हमखास हशा पिकतो, काय हे फ्रेंच लोक म्हणून. मी मुलांना घरी जाऊन आजीला विचारायला सांगितलं, की तू लहानपणी कशी मोजायचीस. दुसऱ्या दिवशी एकजण पळत आला, "बाई, आमची आजी पण असाच म्हणता! तीन इसा नि धा!" म्हणजे सत्तर. दुसरीने कोडी आणली. कोडी म्हणजे वीस नग, चार कोडी म्हणजे ऐंशी. हातापायांची बोटं मिळून वीस, त्या हिशेबाने मोजण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. फ्रेंचने ती छापील पुस्तकात ठेवली, आपण ती आजीच्या तोंडी ठेवली. स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी मात्र 70 आणि 90 ला सरळ वेगळे शब्द ठेवले आहेत.

आणि 21? "वीस आणि एक". 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. फ्रेंच मुलं शतकानुशतकं तसंच मोजत आली आहेत. आपलं "एकोणऐंशी" एखाद्या फ्रेंच मुलाला शिकवायला गेलं तर ते काय म्हणेल याची कल्पना करवत नाही. सात-सेत आणि दहा-दीस यांचं साम्य मुलं न सांगता ओळखतात. दाताला फ्रेंचमध्ये "दाँ" म्हणतात हे कळल्यावर संस्कृतची आवड असलेल्या आमच्या एका शिक्षिकेने "दन्त!" म्हणून टाळी दिली. या सगळ्या भाषा हजारो वर्षांपूर्वी एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या.

जिथे मराठी उपयोगी पडत नाही, उलट आड येते, अशीही एक जागा आहे. आपण अनेकवचन शब्दाच्या शेपटीकडे ऐकतो: होडी, होड्या. फ्रेंच शेपटीला एस, आणि होडीसारख्या काही शब्दांना एक्स लावते, पण लिहिण्यापुरताच. बोलताना तो मुका. फरक कळतो तो शब्दाच्या आधी: "ल बातो" म्हणजे एक होडी, "ले बातो" म्हणजे अनेक. आपल्या मुलांचा कान सवयीने शेवटाकडे लागलेला असतो, तो पुढे आणावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे खेळ आहे. मी "ल" म्हटलं तर एक बोट, "ले" म्हटलं तर दोन्ही हात वर. चुकला तो बाद.

मुक्या अक्षरांचं भय मोठ्यांना जास्त असतं. लहान या अर्थाचा पुल्लिंगी शब्द "पती" असा उच्चारला जातो (त्यावर आठवडाभर हसून घेऊ द्यावं), शेवटचा टी झोपलेला. स्त्रीलिंगी झाला, पुढे ई लागली, की तो टी जागा होतो: "पतीत". आपणही "घर" लिहितो तेव्हा र मध्ये अ असतो आणि तो म्हणत नाही. लिहिलेलं सगळं म्हणायचं नसतं, हे मुलं मराठीत करतच असतात.

मग वाचायला कधी द्यायचं? माझा अनुभव: पहिलं वर्ष अजिबात नाही. या मुलांच्या डोक्यात आधीच देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्या बसत असतात, काहींच्या तर उर्दूही. रोमन अक्षरांचे इंग्रजी आवाज अजून ओले असताना त्याच अक्षरांना दुसरे आवाज चिकटवले की पाव-पेन होतं. दुधाचा शब्द "ले", पण लिहिलेला बघून मुलं "लेट" वाचतात, मांजराचं "चॅट" करतात. दुसऱ्या वर्षी तोंडपाठ असलेल्या शब्दांचीच स्पेलिंगं दाखवायची, नवे शब्द कधीच कागदावरून द्यायचे नाहीत. देवनागरीत उच्चार लिहून द्यावा का, यावर शिक्षकांत दोन तट आहेत. मी देते, चंद्रबिंदूसकट, पण तो विचित्र ऊ आणि घशातला र देवनागरीत बसत नाहीत, म्हणून त्या जागी ओठांचं नाहीतर घशाचं छोटं चित्र. वर्षअखेर ती वही मीच जमा करून घेते.

पहिल्या वर्षाचा कणा म्हणजे हुकूम पाळणं. "शिवाजी म्हणतो, उभे राहा" हा खेळ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फ्रेंच मुलांकडे तोच खेळ "जाक आ दी", जाक म्हणाला, या नावाने आहे. "लवे-वू", उभे राहा. "सोते", उड्या मारा. "तुशे ल ने", नाकाला हात लावा. मूल एक शब्दही न बोलता आठवड्याला दहा हुकूम समजायला लागतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. त्यांचं म्हणणं साधं: बाळ बोलायच्या आधी वर्षभर ऐकतं आणि हातपाय हलवून उत्तर देतं, दुसऱ्या भाषेतही तेवढी सवड द्या. म्हणूनच पालकांना माझी एकच विनंती असते. पाहुण्यांसमोर "बोलून दाखव बघू" म्हणू नका. त्याऐवजी मुलाला हुकूम सोडायला सांगा आणि तुम्ही पाळा. आजोबांनी फ्रेंच हुकुमावर पडवीत उडी मारलेली मूल जन्मात विसरत नाही.

परीक्षेचं विचारणारेही असतात. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयातर्फे मुलांसाठी देल्फ प्रिम नावाचं प्रमाणपत्र दिलं जातं. युरोपातली भाषांची शिडी ए-वन ते सी-टू अशी सहा पायऱ्यांची आहे, पण मुलांसाठी त्याच्याही खाली ए-वन-पॉइंट-वन अशी अर्धी पायरी केली आहे. मोठ्यांना ए-वन गाठायला साधारण 60 ते 100 तास धरतात. आपल्या मुलाला वर्षाला 47 तासही मिळत नाहीत, तेव्हा दोन-तीन वर्षांनी ती अर्धी पायरी चढणं हे चांगलं यश आहे. घाई असलेल्याने ट्यूशन लावण्यापेक्षा हा भागाकार करून बघावा.

शासनाच्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परक्या भाषांचा उल्लेख माध्यमिक स्तरावर आहे, फ्रेंच त्या यादीत आहे, आणि किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं तेच धोरण म्हणतं. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं, आणि शासनाला 29 जूनला निर्णय मागे घ्यावे लागले, तेव्हा मला तीन जणांनी विचारलं, तुमची फ्रेंच चालते का मग? माझं उत्तर तेव्हाही हेच होतं. गुण, पास-नापास आणि गृहपाठ लागला की तिसरीत कोणतीच जादा भाषा नको. उड्या मारण्यापुरती असेल तर चालेल.

शाळेत फ्रेंच आहे हे ऐकून प्रवेश घेणार असाल तर वर्ग बघू नका, पुस्तक बघू नका. दोनच गोष्टी विचारा. आठवड्याचे तास किती, आणि सहावीत कोण शिकवणार. इंग्लंडमधला प्रयोग दुसऱ्या प्रश्नावर आपटला. आमच्याकडेही यंदा सहावीच्या वेळापत्रकात फ्रेंच नाही, कारण वरच्या वर्गांना शिकवायला कोणी मिळालं नाही. माझी पाचवीतली सतरा मुलं जूनमध्ये सहावीत जातील. शनिवारी दुपारी आमच्या पडवीत बसायचं असं तूर्त ठरलंय, पाऊस नसेल तर अंगणात, कारण सोतेला जागा लागते.